सर्व मुले सुखरूप

आमच्या व्हॅनमधल्या मुलांच्या सुरक्षिततेची इतकी काळजी घेतली जायची, की मुलं वाचली हेच नवल.

व्हॅन माझ्या नवऱ्याची. शाळेची मुलं त्याला मामा म्हणतात, म्हणून मी आपोआप मामी झाले. तो गाडी चालवायचा, मी मागच्या दाराशी बसून मुलं चढवायची, उतरवायची, आणि मधल्या वेळात कोण कोणाला चावलं ते मिटवायचं. बरं चाललं होतं. मग मुलांच्या आयांनी सुरक्षा समिती काढली.

समितीच्या अध्यक्षबाईंची मुलगी आमच्याच व्हॅनमध्ये. बाई मनाने वाईट नाहीत, पण काळजी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी ठरवून टाकलं, की प्रत्येक मूल चढलं की मामांनी ग्रुपवर ‘सर्व मुले सुखरूप’ असं कळवायचं. आणि ते गाडी थांबवून नव्हे हं. थांबून लिहिलं तर शाळेला उशीर होतो, आणि उशीर झाला की काळजी वाटते. मी म्हटलं, मी कळवत जाईन, माझे हात रिकामेच असतात. तर नाही. मदतनीस बाईजवळ फोन असला की तिचं मुलांवरचं लक्ष उडतं, हा ठराव आधीच एकमताने पास झाला होता. अशा रीतीने सगळ्या व्हॅनमध्ये फोन वापरायची मुभा एकाच माणसाला उरली, जो ती चालवत होता.

मामाला यात काही खटकलं नाही, हेही सांगायला हवं. उलट तो खुलला. उभ्या जन्मात त्याला कोणी ‘कुठे पोचलात?’ असं इतक्या जिव्हाळ्याने विचारलं नव्हतं. मी तर नाहीच नाही, मला माहीतच असायचं, मी मागे बसलेली. त्याचा अंगठा बघता बघता तयार झाला. कळवण्याबरोबर तो गुलाबाचं फूलही पाठवू लागला, तेही वळणावर.

कळवायला जरा उशीर झाला की फोन वाजायचा. उचलला, की पलीकडून पहिलं वाक्य, ‘मामा, गाडी चालवताना फोन उचलता?’ नाही उचलला, तर लगेच दुसऱ्या आईचा. शेवटी समितीने फर्मान काढलं, की मामा गाडी चालवताना फोनला हात लावत नाहीत याचा पुरावा म्हणून दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्याचा फोटो रोज पाठवावा. मामाने भाबडेपणाने विचारलं, फोटो तिसऱ्या हाताने काढू का? त्यावर उत्तर आलं, टायमर लावा. त्याने लावला. नाकापेक्षा मोती जड झाला तरी आमचा माणूस मिरवतच होता.

पावाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर आमची व्हॅन फुटपाथवर चढली, ती अशीच एका सकाळी. वेग फार नव्हता. कचऱ्याचा मोठा डबा उडाला आणि खांबाला टेकून आम्ही थांबलो. मुलांना खरचटलंसुद्धा नाही. फक्त अध्यक्षबाईंच्या मुलीचा आठवडाभर हलणारा दात पडला, आणि ती इतकी खूश झाली की तिने तो सगळ्या व्हॅनमध्ये फिरवून दाखवला. मी तो रुमालात बांधला.

समोर एक आजोबा हातात कचऱ्याची पिशवी धरून उभे होते. टाकायला हात पुढे केला, तोवर डबाच समोरून निघून गेलेला. ते मामाकडे बघत होते आणि मामा त्यांच्याकडे. त्याच्या मांडीवर फोन किणकिणत होता. ‘सर्व मुले सुखरूप’ नुकतंच गेलं होतं, आणि आभाराचे जोडलेले हात एकामागून एक येत होते.

मामा खाली उतरला, आजोबांच्या हातातली पिशवी घेऊन आडवा झालेला डबा उभा केला, पिशवी त्यात टाकली. मग परत आला.

“हा तू ठेव,” फोन माझ्या हातात देत तो म्हणाला, “मी मागितला तरी देऊ नकोस.”

माझ्या पिशवीत स्टीलचा रिकामा डबा होता. त्यात फोन टाकून मी घट्ट झाकण लावलं.

त्या दिवसापासून ग्रुपवर सामसूम, आणि तीच आमच्या गळ्याशी आली. अध्यक्षबाईंच्या दिवाणखान्यात बैठक झाली. फुटपाथचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दात तसाही पडणारच होता, असं खुद्द बाईच म्हणाल्या. पण उत्तर न देणं? हा बेजबाबदारपणा त्यांना सहन होईना. मामाने फुटपाथवर कसा चढलो ते सगळं सरळ सांगितलं. मी म्हटलं, निदान फोन माझ्या हाती द्या. त्यांनी ठरावाकडे बोट दाखवलं. मुलांची ने-आण दुसऱ्या माणसाकडे गेली.

नवा माणूस चटपटीत. विचारायच्या आधी उत्तर. आयांचा जीव भांड्यात पडला.

इकडे आमची व्हॅन दारात उभी. मामा तिला रोज सकाळी धुवायचा, मग आत बसून राहायचा. मी चहा व्हॅनमध्येच नेऊन द्यायची. एकदा म्हणाला, मागच्या सीटखाली कोणाचा तरी मोजा सापडला. खिशात घालून ठेवला होता.

आणि एका दुपारी अध्यक्षबाई दारात. मला वाटलं, मोजा मागायला आल्या.

बसल्या नाहीत. फोन पुढे केला आणि व्हिडिओ लावला. नव्या व्हॅनमध्ये मुलं ओळीने बसून हात हलवताहेत, त्यांची मुलगी खिंडार पडलेल्या दातांनी हसतेय. सगळ्या आयांनी खाली बदाम टाकले होते. बाईंनीसुद्धा.

“गोड आहे,” मी म्हटलं.

“मामी, खिडकीतून बघा.”

बघितलं. मुलांच्या मागे, खिडक्यांबाहेर, झाडं पळत होती. जोरात. आणि व्हिडिओ पुढच्या, ड्रायव्हरच्या सीटवरून काढलेला होता, तोंड मागे करून.

“मी पंधरा वेळा बघितला, तेव्हा कुठे ती झाडं दिसली,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून मामा येतील का?”

मामा दाराआड उभा होता, ते मला माहीत होतं. पुढे आला आणि म्हणाला, “येईन. पण मी कळवणार नाही, ताई. मुलगी घरी आली की समजा, आली.”

बाईंनी मान डोलावली. मग अगदी हळू विचारलं, “एकदासुद्धा नाही?”

“एकदासुद्धा नाही.”

बाकीच्या आयांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, बहुतेक व्हिडिओच पुन्हा दाखवला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन पुन्हा भरली. मोजा ज्याचा त्याला मिळाला. मामाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि त्याचा फोटो कोणी काढत नव्हतं. पावाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तो इतका हळू झाला, की मागचा सायकलवाला घंटी मारून पुढे गेला.

तेवढ्यात माझ्या पिशवीत स्टीलचा डबा थरथरू लागला. फोन आत गोल गोल फिरत कडेवर आपटत होता. क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला.

मामाची मान जराशी मागे वळू लागली. मी खाकरले. मान सरळ झाली.

“आई असेल,” अध्यक्षबाईंची मुलगी म्हणाली, आणि डबा उचलून मांडीवर घेतला. दोन्ही हात झाकणावर दाबून धरले, शाळेचं फाटक येईपर्यंत.