धडाक्यातली आदरांजली

कर्जतच्या चार फाट्यावर कपिलचं फ्लेक्सचं दुकान. तिथे बसून दोन वर्षं खपून त्याने स्वतःचं एक अक्षर घडवलं होतं. फॉन्ट म्हणा हवं तर. जाडजूड, पुढे कललेलं आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी चौकोनी ठोकळा. गमबूट घालून पळत सुटलेल्या माणसासारखं. नाव ठेवलं ‘धडाका’. पुस्तकात ते दोन ओळीसुद्धा वाचता आलं नसतं, पण मोठ्या बॅनरवर चढलं की एसटीतला माणूसही मान वळवून बघे. कडावपासून खालापूरपर्यंत क्रिकेटचे सामने, उद्घाटनं, पोरांचे वाढदिवस, सगळं धडाक्यातच व्हायचं. कपिल स्वतःवर भलताच खूश होता आणि त्यात काही गैरही नव्हतं.

गैर झालं ते जगदीशच्या बॅनरला. जगदीश पहाटे मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याला दवाखान्यातून घरी आणलंही नव्हतं, तोवर मित्र बॅनर सांगायला हजर. अशा वेळी साधं, सरळ, बारीक अक्षर लावतात, हे कपिलला कुणी शिकवायला नको होतं. पण मागे जगदीशच्या संघाने सामने जिंकले तेव्हाची फाइल तयार होती, गॉगलवाला फोटो तयार होता, आणि आज अख्खा तालुका फाट्यावरून जाणार होता. आपलं अक्षर बघणार होता. कपिलने शब्द तेवढे बदलले. ‘भावपूर्ण आदरांजली’ इतकं झोकात उठलं, की त्याने मोबाइलवर त्याचा फोटोही काढून ठेवला. मित्र रडत होते, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुपारी कळंबहून चंद्राबाई आली. ही जगदीशची आत्या. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. निरोप घेऊन घरची गाडी कळंबला गेली आणि ही नेहमीसारखी अंडी विकायला कर्जतला निघाली, अशी चुकामूक झाली. तिला वाचता येत नव्हतं. बॅनरखाली थांबून ती हसली आणि तरातरा दुकानात शिरली.

“काय रं कपिल, वाडदिवस तर कवाच झाला. आता काय जिंकला आमचा जगू?”

कपिल गडबडून उठला. “तसं नाही, आत्या...”

“मला नको शिकवू. वाचता येत नाय, पन तुजी अक्षरं वळखते मी. जगू जिंकला की हीच असतात. बघ कशी नाचतात!”

ती पुन्हा बाहेर गेली. घरच्यांना फोन लावावा, तोवर हिला चहा पाजून थोपवावं, असं कपिलच्या मनात आलं. त्याने फोन हातात घेतलाही. पण ती वर बघून कौतुकाने हसत होती आणि येणारेजाणारे तिच्याकडे बघत होते. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. आपण केलेलं दुसऱ्याच्या गळ्यात काय घालायचं? तो बाहेर आला, तिच्या हातातली अंड्यांची टोपली काढून घेतली आणि वर लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं. जगू पहाटे गेला, हेही सांगितलं.

चंद्राबाई रडली नाही. तिने मान वर करून पुन्हा अक्षरांकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, “जगू गेला... आन् तू हे असं हसत हसत लिवलंस व्हय रं?”