बूड न टेकणारी गारगोटी

मी गारगोटी बोलतेय. पांढरी, गोल, गुळगुळीत. दिसायला बरी आहे हे मला माहीत आहे. पण बूड टेकून बसणं काही मला जन्मात जमलं नाही. कुणी शेजारून गेलं तरी मी हलते, शेजारणीलाही हलवते. हे सांगतानासुद्धा दोनदा कूस बदलली.

नदीत घासून घासून माझे कोपरे गेले. मग ट्रकातून खडीच्या डेपोत आले. शेजारच्या ढिगात मशीनवर फोडलेली काळी खडी होती, नुसती टोकं नि कडा. तिला बघून मी नाक मुरडायची. नाक नाही, तरी.

एक दिवस एक ताई आल्या. त्यांचे वडील दवाखान्यातून घरी येणार होते, चाकाच्या खुर्चीत. फाटकापासून दारापर्यंत वाट करायची होती.

"फोडलेली खडी घ्या, ताई," डेपोवाला म्हणाला. "टोकं एकमेकींत अडकतात, मग हलत नाही. आधी वरची मऊ माती काढा, मुरूम दाबा, त्यावर खडी, वरून बारीक कच."

"कच? नावातच कच खाल्लीय की हो! आणि हा काळा रंग! बाबांना प्रसन्न वाटायला हवं. ही पांढरी द्या."

मी टुणकन खाली आले. केवढा तो माझा तोरा!

ताईंनी आम्हाला थेट बागेच्या भुसभुशीत मातीवर पसरलं. बाबा आले, स्वतःच चाकं फिरवत निघाले आणि चार हातांवर रुतले. त्यांनी जोर लावला की आम्ही दोन्हीकडे पळायचो. मी तर चाकाखालूनच सटकले.

"अगं, घरी आणलंस की वाळवंटात?" बाबा हसले. पण ताई आणि जावई खुर्ची उचलायला वाकले तेव्हा हसू गेलं. "उचलताय काय? मी कपाट आहे का?"

त्यानंतर आठ दिवस बाबा खिडकीशीच.

"बाबा, फाटकापर्यंत चला ना. आम्ही दोघं नेतो."

"नेणार असाल तर मला कुठे जायचंच नाही."

बाहेर माझी तळमळ चाललेली. एकही टोक नसताना आतून टोचत होतं.

नवव्या दिवशी ताईंनी फोन लावला. "दादा, चुकलं माझं. तुमची ती कच पाठवा."

"आता खाणार नाही ना?" पलीकडून आवाज आला.

आम्हाला फावड्याने भिंतीकडेला लोटलं. माती खणली, मुरूम पाणी मारून ठोकला, काळी खडी पडली, कचेवरून रोलर फिरला. दुसऱ्या सकाळी बाबा निघाले. दोनदा थांबले, धाप लागली, पण गेले. फाटकाची कडी स्वतः काढली. ताई मागून धावल्या.

"तू थांब तिथेच!" बाबा ओरडले. काय खूश होते!

मी अजून ढिगातच आहे, चुळबुळत. तुम्ही खडी घ्यायला जाल तेव्हा रंग मागाहून बघा, आधी वरून कोण जाणार ते सांगा. आणि मला नेलंत, तर कुंडीत घाला, झाडाच्या बुंध्याशी घाला. माझ्यावर भार तेवढा टाकू नका.

थांबा, कडी वाजली. बाबा परत आले वाटतं. दारापर्यंत पोचलेसुद्धा; आज वाटेत एकदाही थांबले नाहीत.