तोंडपाठ रस्ता

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला लोक बडबडशाळा म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या गाडीत स्टिअरिंग धरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच नियम असतो: समोर जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. पुढे सायकल, डावीकडे उभा टेम्पो, त्याचं दार उघडतंय, पट्ट्यांवर बाई. जो गप्प बसला तो बघत नाहीये असं मी धरून चालते आणि ब्रेक दाबते. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे, तो नसता तर मी हा धंदा केला नसता. मोठे साहेब असोत नाहीतर कॉलेजातली पोरगी, सुरुवातीला सगळे लाजतात आणि महिनाभराने चालत जातानाही बोलत सुटतात, अशी घरच्यांची तक्रार येते.

ही पद्धत माझी नाही, दादाची. माझा थोरला भाऊ चौतीस वर्षं बस चालवत होता आणि तेवढ्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा उठला नाही. नव्या ड्रायव्हरांना तो बाजूला उभं करून रस्ता बोलायला लावायचा. मलाही गाडी त्यानेच शिकवली, तशीच बोलायला लावून. माझ्या चुकांवर तो असा काही ओरडायचा की मी दोनदा गाडीतून उतरून पायी घरी गेले आहे. शिकणाऱ्यांवर खेकसायची माझी सवय कुठून आली हे मी सांगायची गरज नाही.

तर एका सकाळी वहिनींचा फोन आला. दादाच्या गाडीचा डावा आरसा पुन्हा फुटला होता. उभ्या गाडीला कोणीतरी ठोकलं असं दादा म्हणत होता, पण फाटकाच्या खांबावर रंग लागला होता तो आपल्याच गाडीचा. मुलगा आणि सून सातलाच कामावर जातात, त्यामुळे नातीला शाळेत सोडायचं काम दादाकडे. "वन्सं, पोर परत आलेली दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो," वहिनी म्हणाल्या. "मी काही बोलले की अंगावर येतात. तुमचं ऐकतील."

मला पहिल्यांदा राग आला तो वहिनींचाच. दादा आणि खांबाला घासणार? पण फोन ठेवल्यावर खांबावरचा तो रंग डोक्यातून जाईना. दुपारी मी त्याच्याकडे गेले आणि बेधडक थाप मारली. म्हटलं, नव्या बॅचसाठी धडा तयार करतेय, अनुभवी माणूस रस्ता कसा बोलतो ते मला लिहून घ्यायचंय, चल माझ्या गाडीतून. दादा एवढा फुलला की माझी मलाच लाज वाटली. इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि वहिनींना म्हणाला, "बघ, मास्तरीणबाईंना शेवटी आमच्याकडेच यावं लागलं."

शाळेच्या रस्त्याने जाऊ म्हटलं. त्याने पट्टा लावला, आरसे नीट केले, आणि काय सुरेख बोलायला लागला. पुढे उतार, गिअर खाली घेतोय. उजवीकडून गल्ली येते, हॉर्न नाही, वेग कमी. गतिरोधक. हात तसेच, हलके, लोण्यावर ठेवल्यासारखे. मी वहीत लिहीत होते आणि मनात म्हणत होते, उगीच शंका घेतली.

"डावीकडे लाकडाची वखार," तो म्हणाला. "ट्रक मागे घेतात, सांभाळायचं."

वखार आठ महिन्यांपूर्वीच पाडली. तिथे आता काचेचं मोठं दुकान आहे. जुन्या सवयीने जीभ घसरली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या सिग्नलला त्याने वेग कमी केला, मान जराशी माझ्याकडे वळवली आणि थांबला. बोलला काहीच नाही. मीच म्हटलं, "हिरवा." लगेच गाडी पुढे निघाली. मी वही मिटली आणि पाय ब्रेकवर नेला.

शाळेच्या अलीकडे पादचाऱ्यांचे पट्टे आहेत. त्यावर एक म्हातारा, दोन्ही हातांत पिशव्या, सावकाश निम्म्यात आला होता.

"पट्टे मोकळे," दादा म्हणाला.

मी ब्रेक असा दाबला की वही काचेवर जाऊन आपटली. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशव्या सांभाळत तो पलीकडे गेला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. दादा माझ्यावर भडकला, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारतेस, तुला शिकवलं कोणी? मला कळेना की हसावं की रडावं. मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि किल्ली काढून घेतली.

"दादा, पट्ट्यांवर माणूस होता."

बराच वेळ त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. त्याच्या जागी दुसरा कोणी शिकाऊ असता तर मी त्याला सोलून काढला असता. इथे मी किल्ली मुठीत धरून बसले. ज्या माणसाच्या भरवशावर मी रस्ता ओळखला, तो मला रस्ता बोलून दाखवत नव्हता, आठवून दाखवत होता.

शेवटी तोच बोलला. वर्ष झालं म्हणे. कडेचं दिसतं, मधोमध धुकं असतं. परवाना वाढवताना डोळ्यांच्या तपासणीत पास कसा झालास, विचारलं, तर म्हणाला, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता चौतीस वर्षं तोच आहे, तोही पाठ आहे. हे सांगताना क्षणभर हसला, आणि ते हसू मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"पण मग पोरीला रोज कसा नेतोस?" मी विचारलं. "सिग्नल कसा कळतो?"

"ती सांगते ना," दादा खाली मान घालून म्हणाला. "तिला खेळ म्हणून शिकवलाय. लाल, हिरवा, माणूस, कुत्रा. पुढेच बसवतो, मागून तिला नीट दिसत नाही. चुकत नाही गं ती कधी."

सहा वर्षांची पोर, पुढच्या सीटवर, आणि गाडीचे डोळे ती. मी ओरडले. मग खूप ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा दादावर आवाज चढवला आणि त्याने तो मुकाट्याने ऐकून घेतला. माझा श्वास संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "गाडी सोडली की मी घरात काय करू, सांग. तिला शाळेत नेणारा म्हणूनच तर सगळे मला विचारतात." मग दार उघडून उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि मी सरकून जागा देईपर्यंत उभा राहिला. घरी परत मी गाडी चालवली. त्याच संध्याकाळी त्याने मुलाला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी नुसती शेजारी बसले होते.

दुसऱ्या दिवशी नातीला न्यायला मी गेले. तूही चल, म्हटलं, शाळेच्या दारात सोडायला आजोबाच लागतात. तो पुढे बसला. पोरीला मी मागे बसवून पट्टा लावला, तर ती दोन सीटांच्या फटीतून पुढचं दिसेल अशी ताठ बसली, दप्तर मांडीवर, नजर थेट रस्त्यावर. पहिला सिग्नल लांबून दिसताच ओरडली, "लाल."

दादाने मागे हात नेऊन तिचा गुडघा थोपटला. "खेळ संपला, बाळा. आता आत्याआजी बघते. तू नाही सांगितलंस तरी चालतं."

मला आरशात तिचा चेहरा दिसत होता, खरंच का, असा विचार करणारा. मग तिने हळूच विचारलं, "मग मी बाजूच्या खिडकीतून बघू?"

"बघ," दादा म्हणाला, आणि त्याने स्वतःचं तोंड दुसरीकडे वळवलं. सिग्नल हिरवा झाला तरी मला गाडी पुढे घ्यायला जरा वेळ लागला.