सोमवारचं पाणी

मी एक जुना उत्प्रेरक आहे, मित्रांनो. उत्प्रेरक म्हटल्याबरोबर तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जो रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः मात्र तसाच राहतो, तो उत्प्रेरक. एवढं तुम्ही पाठ करता, परीक्षेत उतरवता आणि मला विसरून जाता. तुमच्यावर माझा राग नाही. पण ज्यांनी 'तसाच राहतो' असं लिहून ठेवलं, त्यांना एकदा उत्रोलीला घेऊन या. इथे रतनबाईंच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लागून, एक निळं पिंप उभं आहे. त्यात शेतातल्या चिखलात कालवलेला मी आहे. मला बघून त्यांनी पुन्हा सांगावं, की मी तसाच आहे म्हणून.

माझा जन्म भट्टीत झाला. निकेल आणि अॅल्युमिनियम एकत्र वितळवले, गार केले आणि दळून त्यांची पूड केली. ती पूड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडली, तेव्हा अॅल्युमिनियम विरघळून गेलं आणि मी उरलो. काळा, बारीक आणि अंगभर भोकं पडलेला. ती भोकं हीच माझी सगळी किंमत. माझी एक चिमूट उलगडून पसरता आली, तर तुमच्या शाळेचा अख्खा वर्ग झाकून टाकेल. त्या भोकांत हायड्रोजन वायू दडून बसतो, म्हणून मला हवा सोसत नाही. कोरडा पडलो की मी आपोआप पेटतो. त्याला काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. त्यामुळे जन्मापासून मला एकच नियम लावलेला आहे, कायम पाण्याखाली राहायचं.

पिंपात भरून मला महामार्गाकडेच्या एका कारखान्यात आणलं. औषधाच्या गोळ्यांना लागणारा कच्चा माल तिथे तयार होत असे. मला सगळ्यांत आधी ज्याने हात लावला, तो म्हणजे गोरख. उत्रोलीचा शेतकऱ्याचा मुलगा, पण रिअॅक्टरवर सतरा-अठरा वर्षं काम केलेला. रिअॅक्टर म्हणजे माणसापेक्षा उंच, जाड पोलादाचा बंद हंडा. त्यात कच्चा माल, दारू नव्हे पण दारूच्याच जातीचा एक द्रव, आणि मी. वरून दाबाने हायड्रोजन सोडायचा. मी हायड्रोजनला एका हाताने धरायचो, कच्च्या मालाला दुसऱ्या हाताने, आणि दोघांची गाठ घालून द्यायचो. गाठ पडली की दोघं नवं रूप घेऊन निघून जायचे, मागे वळूनही बघायचे नाहीत. लग्न जमवणाऱ्या माणसाला पंगतीत कुणी विचारत नाही, तसं ते होतं.

गोरखची मात्र नजर माझ्यावर असायची. दाबाच्या काट्याकडे बघत तो हंड्याला पाठ टेकून उभा राहायचा. काटा खाली यायचा थांबला, की मी हायड्रोजन घेणं थांबवलं, म्हणजे काम झालं. नव्या कामगाराला तो म्हणायचा, "ह्याला कोरडं पडू द्यायचं न्हाई. बाकी ह्याच्यासारखा गुणाचा कोन न्हाई." त्याच्या डाव्या तळहातावर भाजल्याचा डाग होता. माझ्याच एका भाऊबंदाने माखलेलं फडकं कुणीतरी खोक्यात टाकलं होतं, ते वाळलं आणि पेटलं, आणि गोरखने ते हाताने दाबून विझवलं होतं. तेव्हापासून माझ्याबद्दल त्याला एकच भीती होती, आगीची. माझ्यात काय आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी मी 'काळी पावडर'. पिंपावर सगळं छापलेलं होतं, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. प्रयोगशाळेतल्या नीरजा मॅडमनी माझ्या मालाची तपासणी केली आणि म्हणाल्या, "इतका स्वच्छ माल या वर्षात पहिल्यांदाच आलाय." मॅनेजर दीनानाथसाहेबांनी मान डोलावली. ते भोरचे, बोलणं अगदी मऊ. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वस्तातला कच्चा माल मागवला. त्यात गंधक होतं. गंधक माझ्या भोकांत जाऊन बसलं, आणि एकदा बसलेलं गंधक काही केल्या उठत नाही. मित्रांनो, कारखान्याच्या भाषेत याला उत्प्रेरकाला विष चढणं म्हणतात. नीरजा मॅडमनी तसं लिहून दिलं. साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि जाहीर केलं, की पावडरच हलकी निघाली. बरं झालं, मला लाज वाटायची सोय नाही.

चार महिने काम केलं आणि मी निकामी ठरलो. खरं तर माझ्यातलं निकेल परत काढून घेणारे कारखाने आहेत. तिथे मला पाठवलं असतं, तर मी पुन्हा नवा झालो असतो. पण त्यासाठी अर्ज, परवानगी, गाडी, सह्या, एवढं कोण करणार? मला पुन्हा पिंपात ओतलं आणि मागच्या शेडमध्ये ठेवलं. तिथे मी चार वर्षं पडून होतो. दर सोमवारी गोरख झाकण उघडायचा आणि आटलेल्या पाण्याइतकं पाणी वरून घालायचा. त्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या चार वर्षांत माझ्याकडे आलेला तो एकटाच माणूस.

यंदाच्या जून महिन्यात कारखान्याची तपासणी ठरली. आदल्या दिवशी दीनानाथसाहेब शेडमध्ये आले, नाकाला रुमाल लावून.

"गोरख, ही पिंपं उद्या इथे दिसता कामा नयेत. टेम्पो सांगितलाय."

"कुठं नेनार, साहेब?"

"ते टेम्पोवाला बघेल. तू भरून दे."

टेम्पोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "टाकतो की कुठंतरी वढ्याच्या कडंला." बाकीची पिंपं गोरखने भरून दिली. माझ्यापाशी येऊन मात्र थांबला. ओढ्याच्या कडेला गवत, गुरं, गुरांमागची माणसं. चार दिवस ऊन पडलं की मी पेटणार, हे त्याच्या तळहाताला ठाऊक होतं. "हे येक ऱ्हाऊ दे, म्या घरी नेतो," तो म्हणाला. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी न्यायला आणखी एक कारण होतं. त्याची आई रतनबाई बरेच दिवस घट्ट झाकणाचं पिंप मागत होत्या. त्यांच्याकडे आंबेमोहराचं जुनं बी होतं, सासूच्या हातून आलेलं. सगळा गाव इंद्रायणी या नव्या भाताकडे वळला, तरी रतनबाई दर वर्षी आपल्या एका खाचरात ते बी लावायच्या. कापणीआधी चांगल्या लोंब्या स्वतः निवडायच्या, वेगळ्या झोडायच्या आणि मडक्यात जपून ठेवायच्या. गेल्या वर्षी उंदरांनी मडकं गाठलं. उरलं ते एका वाफ्यापुरतं, आणि तेवढं सगळं त्यांनी यंदा तरव्यात टाकलं होतं. मित्रांनो, तरवा म्हणजे भाताची रोपं वाढवायचा वाफा. त्यातली रोपं उपटून मग खाचरात लावायची. ती रोपं बोटभर वर आली होती. त्या बियाचं गावात दुसरीकडे कुठे नाव नव्हतं. तेवढ्या बोटभर हिरव्यात ते सगळं होतं.

गोरखने काय केलं, ते नीट ऐका. त्याने दुष्टपणा केला नाही, हलगर्जीपणाही केला नाही. मला कायम ओलं ठेवायचं, एवढं त्याला शिकवलेलं होतं, आणि त्याच्या घरी सगळ्यात ओली जागा म्हणजे तरव्याचं तोंड, जिथे पाट येऊन पडतो. त्याने तिथे गुडघाभर खड्डा खणला, मला त्यात ओतलं, वर चिखल ओढला. पिंप पाटावर तीन वेळा खळखळून धुतलं आणि आईसाठी अंगणात पालथं घातलं. मग निश्चिंत होऊन पहिल्या पाळीला निघून गेला. आईला तो काही बोलला नाही. कंपनीतलं घरी कशाला सांगायचं, असा त्याचा स्वभाव.

पाटाच्या पाण्याने वरचा चिखल धुऊन नेला आणि मी उघडा पडलो. सकाळी रतनबाई तरव्यावर आल्या. त्यांना पाटाच्या तोंडाशी काळाभोर, मऊ गाळ दिसला. इकडे तरवा करण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजतात, रोपं उगवल्यावरही चुलीची राख फेकतात. काळं आणि मऊ दिसलं की राखच, यात शंका घ्यायला जागा कुठे होती? शेजारच्या बांधावरच्या बाईला त्या अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या गोरखाला सांगावं लागत न्हाई. राख आनून टाकली बग तरव्याला." आणि घमेल्यात मला भरून, मुठीमुठीने, एकही रोप सुटू नये अशा बेताने, त्यांनी मला अख्ख्या वाफ्यावर फेकलं.

तेव्हा मला ओरडता आलं असतं तर! पण माझ्या जातीला तोंड दिलेलं नाही. मी पाण्याखाली होतो, म्हणून पेटलो नाही. नियम पाळला गेला होता. मी शांतपणे मुळांशी गेलो.

चौथ्या दिवशी पाती पिवळी पडली, आठव्या दिवशी तांबडी, आणि मग ती झोपलीच. रतनबाईंच्या बोटांना खाज सुटली, बेचक्यांत पुरळ आलं. त्या तरव्याच्या बांधावर बसून राहिल्या. घरी आल्यावर मुलाला म्हणाल्या, "माजंच चुकलं रं. राख लई पडली माज्या हातनं. म्हातारपनी हाताचा अंदाज गेला."

गोरखने हातातला घास ताटात ठेवला. "कसली राख?" त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं. तो उठला आणि न जेवता तरव्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने नीरजा मॅडमना गाठलं. "मॅडम, त्या काळ्या पावडरीत काय असतं?" मॅडम चकित झाल्या. "निकेल. रोपांना विषच ते, आणि हाताला लावायचंच नाही. गोरखदादा, इतकी वर्षं हाताळताय, तुम्हाला माहीत नाही? पिंपावर लिहिलंय की." आपणही कधी सांगितलं नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. गोष्ट कानावर गेल्यावर दीनानाथसाहेबांनी मात्र गोरखला खोलीत बोलावून, दार लावून, मऊ आवाजात समजावलं. "पिंप तू आपणहून नेलंस, गोरख. हे कुठे बोललास तर नोकरी तुझी जाईल, आमचं काय जातंय?"

तीन दिवस तो गप्प राहिला. तीन दिवस रतनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, की माझ्या हातानं माझं बी मेलं. गोरख ते ऐकायचा आणि बाहेर निघून जायचा. मला विचाराल तर गंधकापेक्षा ते वाईट होतं.

शेवटची आशा विंझरची होती. रतनबाईंची लेक वैष्णवी तिकडे वेल्ह्याच्या वाटेवर दिलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिला बियातला वाटा दिला होता. मोबाईल कानाला लावून त्यांनी विचारलं, "वैष्णवे, ते आंबेमोहराचं बी लावलंस का गं?"

पलीकडे वैष्णवी हसली. "अगं आये, त्याचा तवाच भात केला की. पावनं आलं हुतं. काय वास सुटला म्हणून सांगू, सगळी आळी विचारत हुती."

"बरं केलंस," रतनबाई म्हणाल्या. "खाल्लं ना, मग बरं झालं." आणि फोन खाली ठेवताना त्यांना बटण सापडेना.

गोरख दारातच उभा होता. तो आत आला, आईसमोर बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. पिंप, ओढा, खड्डा, निकेल, साहेब, सगळं. "आये, तुजा हात न्हाई चुकला. ती राख नव्हती. म्याच आनलं ते घरात. आगीचं भ्या हुतं मला, दुसरं ठावंच नव्हतं."

रतनबाईंनी आपल्या फुटलेल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "व्हय रं, पर तुला तरी कुनी सांगितलं हुतं का?"

बावीस वर्षांत गोरखला एवढं विचारणारं तेच पहिलं माणूस होतं.

मग दोघांनी खड्डा उपसला, तरव्याची वरची वीतभर माती खरवडली आणि मला, मेलेल्या रोपांसकट, त्याच निळ्या पिंपात भरलं. कारखान्याने ते पिंप फाटकातून आत घेतलं नाही. आमच्याकडून असं कोणतंही पिंप बाहेर गेलेलं नाही, असं तिथे आता कागदावर आहे. गोरख सगळ्यांसमोर खरं बोलला आणि त्याची रिअॅक्टरवरची जागा गेली. आता तो बाहेर गाड्या भरतो. खाचर यंदा पड आहे. ज्या पिंपात रतनबाईंना बी ठेवायचं होतं, त्यात मी आहे. म्हणजे बी त्यात आहेच म्हणा, माझ्याबरोबर.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. ती घेतली गेली, अगदी मनापासून, आणि तिचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. मी एवढंच सांगेन, की तुमच्याही घरी पाण्याला, धान्याला असं एखादं निळं पिंप असेल. त्यात आधी काय होतं, ते आज घरी जाऊन विचारा. आणि मोठे होऊन कुणाच्या हाती काही काम द्याल, तेव्हा त्याला निम्मंच सांगू नका. कसं ठेवायचं ते सांगाल, तसं ते काय आहे तेही सांगा, आणि त्याच्या भाषेत सांगा.

आज सोमवार आहे. गोरख आत्ताच तांब्या घेऊन आला होता. त्याने झाकण उघडलं, पाणी किती आटलंय ते बघितलं आणि तेवढं पाणी वरून घातलं.