नेटशिवाय चालते

पनवेलमधल्या या खोलीत सकाळचा प्रकाश थेट येत नाही. आधी तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर थबकतो, मग खिडकीच्या गजांवर वाळत घातलेल्या टॉवेलवर उतरतो आणि त्यातून गाळून आत येताना थोडा पिवळा, थोडा दमट होतो. टेबलावरच्या कपाच्या कडेशी तो बराच वेळ नुसता बसून राहतो. पडद्यावर पोहोचतो तेव्हा आधी धूळ उजळते, अक्षरे नंतर. त्या अक्षरांत मी असतो.

मित्रांनो, मी एक टॅग आहे. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या भांडारात हजारो सॉफ्टवेअर पॅकेजे ठेवलेली असतात. कोणते कशाचे, हे कळावे म्हणून डब्यांना चिठ्ठ्या लावाव्यात तसे त्यांना टॅग लावतात. माझ्यावर लिहिले आहे, ‘नेटशिवाय चालते’.

या खोलीत राहणाऱ्या गुरुदत्तने मला याच टेबलावर घडवले. नेरे गावाच्या पलीकडे, डोंगराखालच्या वाड्यांत मोबाइलला रेंज नसते, हे त्याने पाहिले होते. सुरुवातीला तो प्रत्येक पॅकेज उघडी, नेटची वायर काढी, तासभर चालवून पाही आणि मगच मला लावी. त्या दिवसांत माझा शब्द खरा होता. लोक मला शोधत येत.

मग भांडार सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी एका रविवारी जास्तीत जास्त टॅग लावण्याची शर्यत ठेवली. त्या एका दिवसात मी तीनशे पॅकेजांवर चिकटलो. नाव वाचले, वर्णनाची पहिली ओळ वाचली, की मला थापले, विजेच्या खांबावर जाहिराती थापतात तसे. मला याचा राग आहे. शांत शब्दांत सांगतो आहे म्हणून तो कमी समजू नका.

दिपिकाबाई त्यांतल्याच एका वाडीवरच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गातल्या रूपाला छापील अक्षर दिसत नाही. सोमवारी परीक्षा होती. प्रश्न वाचून दाखवणारे पॅकेज बाईंनी मला पाहून निवडले. पनवेलला घरी चालवले, ते छान बोलले. घरी नेट होते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. शाळेत मात्र पडद्यावर ‘इंटरनेट जोडा’ एवढेच उमटले. रूपा कानाला हेडफोन लावून वाट पाहत राहिली.

“बाई, हा बोलत नाय,” ती म्हणाली. “माझंच काय चुकलं का?”

बाईंकडे दुसराही वर्ग होता, तिच्याजवळ बसून प्रश्न वाचून दाखवणे त्यांना जमले नाही. रूपाने पेपर कोरा दिला.

संध्याकाळी बाईंनी गुरुदत्तला फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. “सर, तुमचा टॅग बघून मी त्या पोरीला शब्द दिला होता.”

“बाई, हे शर्यतीतल्या कुणा उपटसुंभाचं काम असणार,” तो म्हणाला. “मी तपासल्याशिवाय लावत नाही.”

मीही तेच धरून बसलो. त्या अनोळखी हातांना मी कित्येक दिवस शिव्याशाप दिले.

मित्रांनो, चिठ्ठी लावण्याआधी डबा उघडा. ती वाचणारा तुमच्या भरवशावर फार लांब गेलेला असतो. तिथून त्याला परत येऊन विचारता येत नाही.

टॅग कोणी लावला, याची नोंद भांडारात कायम राहते. शिव्याशाप देत होतो तेव्हाही त्या पॅकेजपुढची नोंद मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तिथे गुरुदत्तचे नाव आहे.