पॅसेजमधलं दुसरं बटण

वायफायवाल्याची त्या घरातली ही तिसरी फेरी. दोनदा येऊन दुखणं न सापडलेल्या दारात माणूस बूटसुद्धा जरा जास्तच नीट काढून ठेवतो.

घरात वायफायचे डबे तीन. पहिला हॉलमध्ये, दुसरा पॅसेजमध्ये, तिसरा काकांच्या खोलीत. पहिल्याने दुसऱ्याला हात द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. पण दिवसातून पाच-सहा वेळा तिसरा मान टाकायचा, आणि खोलीतला दिवा, दाराचा सेन्सर, पलंगाजवळची मदतीची घंटा, सगळे एकदम मुके. काकांच्या परगावच्या मुलीच्या फोनवर लाल खुणा. सकाळीच तिने निर्वाणीचं सांगितलं होतं, "आज नाही जमलं, तर रविवारी बाबांना इकडे घेऊन येणार. हल्ली विसरतात ते. घंटा तरी चालायला हवी."

"घेऊन येणार म्हणे!" काका म्हणाले. "मी काय कपाट आहे?"

काका वीज मंडळातले निवृत्त मीटर रीडर. वायफायवाल्याने आधीच्या खेपांत सिग्नलचा चॅनल बदलून पाहिला होता, मधला डबा नवा घातला होता, घंटा पुसून पुन्हा जोडली होती. "आज काही करणार नाही, काका. नुसता बसणार."

"गेल्या दोन खेपांना वेगळं काय केलंत?"

टोमणा रास्त होता. तो खोलीत डब्यासमोर मुकाट बसला. काका पाणी आणायला उठले. पावलं पॅसेजमधून गेली. टक-टक. तिसऱ्या डब्याचा दिवा लाल! पावलं परत आली, टक-टक. पाचेक मिनिटांनी डबा सावरला.

मागच्या दोन्ही खेपांना पाहुण्याला एकटं सोडायचं नाही म्हणून काका त्याच्या शेजारून हललेच नव्हते.

"काका, अजून एक पेला आणता?"

"तहान आहे की परीक्षा?"

या वेळी तो दारात उभा राहिला. काकांचा तळवा जाताजाता पॅसेजमधल्या बटणांच्या बोर्डावरून फिरला. एक बटण दिव्याचं, दुसरं मधल्या डब्याचं. दोन्ही बंद.

त्याने बोट दाखवलं. काका आपल्या हाताकडे परक्याचा असल्यासारखे बघत राहिले. मग पेला खाली ठेवला. "पस्तीस वर्षं लोकांची मीटरं वाचली. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की हात बटणाकडे जातोच." आवाज खाली आला. "पोरीला नका सांगू. तिला निमित्तच हवंय."

मेन बंद करून वायफायवाल्याने बोर्ड उघडला, डब्याची वायर बटण वगळून थेट जोडली. बटण मात्र जागेवर ठेवलं. "हाताला चुकल्यासारखं नको वाटायला."

मग फोन लावला, स्पीकरवर. "ताई, दोष सापडला. काका येता-जाता दिव्याबरोबर डब्याचंही बटण दाबत होते."

काकांनी डोळे मिटले.

"बघा! विसरतात म्हणून मी सांगतच होते."

"विसरत नाहीत, हीच तर पंचाईत होती. बोर्डाकडे बघायला दोनदा मीच विसरलो. त्यांचा हात एकदाही चुकला नाही. पॅसेजमधून गेले की बंद, आले की चालू. या घरात इतकं नेमाने दुसरं काहीच चालत नाही, ताई. मी लावलेलं तर नाहीच."

आता मुलीचा आवाज मवाळ झाला.

"मग रविवारी... नको येऊ?"

काका फोनजवळ सरकले. "ये की. घेऊन जायला नको, नुसती ये. आणि तुझ्यामागे दिवा जळतोय का गं भरदिवसा?"

पलीकडून टक असा आवाज आला.