पंधरा गोळ्या

"साहेब, ती सहा महिन्यांसाठी वीटभट्टीवर चाललीय. पंधरा गोळ्यांनी तिचं काय होणार?" भागीरथी नर्सनं विचारलं.

"नियम पंधरा दिवसांचा आहे, सिस्टर. पेशंटनं स्वतः यायचं आणि पुढच्या न्यायच्या." डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"पनवेलच्या पलीकडून? मुकादम सोडतो होय तिला?"

"मग तिथल्या दवाखान्यात जाऊ दे. चिठ्ठी द्या."

बाहेर पायरीवर नवसी बसली होती. बारवीकडच्या पाड्यावरची, बाविशीची पोर. लहानपणापासून तिला फिट यायची. भागीरथीनं मागे लागून रोज रात्री एक गोळी सुरू करवली आणि दोन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. बदलापूरजवळच्या या दवाखान्यात एकोणीस वर्षं काढलेल्या भागीरथीला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटावा असं ते एवढंच होतं.

तिनं पंधरा गोळ्या मोजून पुडीत बांधल्या, चिठ्ठी लिहिली. "गोळी चुकवायची नाही. एकदम बंद झाली तर फिट पहिल्यापेक्षा जोरात येईल," तिनं नवसीला आणि तिच्या नवऱ्याला, धाकलूला, दोनदा बजावलं. दोघं गेली.

वैशाखात परत आली तेव्हा नवसीचा डावा हात फडक्यात गुंडाळलेला होता. भागीरथीनं फडकं सोडलं. चार बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती.

"तिकडच्या दवाखान्यात चिठी दाखवली बाय," धाकलू म्हणाला. "ते बोलले, तुजा नाव हितं नाय, बदलापुरास जा. मुकादम सोडीना. मंग हिनं अर्दी अर्दी गोली खाल्ली. म्हयनाभर पुरवली. मंग संपल्या."

"चुलीपाशी व्हते," नवसी म्हणाली. "मना कायच आठवत नाय."

डॉक्टरांनी दारातूनच हात पाहिला. "कितीही सांगा, ही माणसं गोळ्या वेळेवर घेतच नाहीत."

भागीरथी ताडकन त्यांच्याकडे वळली.

"घेतल्या तिनं! अर्ध्या करून घेतल्या! तुम्ही दिल्या किती? पंधरा! तिनं त्या महिनाभर पुरवल्या, आणि तुम्ही तिलाच बोल लावता?"

"सिस्टर, आवाज खाली."

"नाही होत खाली! त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती. कपाट भरलेलं होतं. मी नियम पाळला, साहेब. तुमच्याइतकीच मीही त्यात आहे."

डॉक्टर आत गेले. भागीरथीनं नवसीच्या हाताला पट्टी बांधली.

दिवाळी झाली तशी ती उल्हासनगरच्या बाजारातून फिरकीच्या झाकणाच्या दोन बरण्या घेऊन आली. कपाट उघडून तिनं सहा महिन्यांच्या गोळ्या काढल्या आणि दोन्हींत निम्म्या निम्म्या भरल्या.

"वर कळलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळू दे. मीच लिहून कळवते. त्या हाताबद्दलही लिहिते."

डॉक्टरांनी कपाट बंद केलं नाही.

पुन्हा भट्टीवर निघताना नवसी आणि धाकलू आली. "एक तुझ्याजवळ, एक याच्याजवळ," भागीरथी म्हणाली. "एक हरवली तरी दुसरी राहील. ओल लागू द्यायची नाही. अर्धी करायची नाही. आणि कमी पडतायत असं वाटलं, तर संपायच्या आधी धाकलूनं इथं यायचं. मी देईन. कोण नाही म्हणतो ते बघते."

नवसीनं बरणी घेतली आणि झाकण फिरवू लागली. चिकटलेल्या बोटांत बरणी ठरत नव्हती. भागीरथीनं हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे बाय."

तिनं बरणी काखेत दाबली आणि उजव्या हातानं झाकण काढलं. आत डोकावली. झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग धाकलूच्या हातातली दुसरी बरणी मागून घेतली आणि तीही उघडून पाहिली.